लाकूड फुगलंय म्हणे!

ती. अण्णा,

नमस्कार नंतर करते. आधी भांडायचंय.

नुकतीच शूटिंग रेंजवरून आले. बूट काढले नाहीत, चहा घेतला नाही, तशीच गराजमध्ये खुर्ची ओढून लिहायला बसले. आत जाऊन सलीलला सांगितलं असतं तर तो "अरे वा" म्हणाला असता आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं असतं. तुमच्या मुलाचा स्वभाव मी तुम्हाला काय सांगायचा! शिवाय ही गोष्ट मुळात तुमचीच आहे. आणि तुम्ही इथेच तर आहात, समोर, रायफलच्या सेफच्या वरच्या फळीवर, तांब्याच्या कलशात. अस्थी घरात घ्यायच्या नाहीत, न्यायच्या तर वाईला कृष्णेतच, आणि विमानं बंद. मग सलील बिचारा काय करणार? त्याने तुम्हाला गराजमध्ये ठेवलं. कलशाला रोज एक फूल वाहतो तो, मला न सांगता.

तर अण्णा, तुमचा एक गुन्हा उघडकीला आलाय. पण तुम्हीच मला टोकायचात ना, "सूनबाई, गोष्ट पहिल्यापासून सांग, मधेच उडी मारू नकोस"? मग ऐका आता पहिल्यापासून.

तुम्ही पुण्याहून इतक्या लांब, परदेशात टार्निटला आलात ते नातीला, ईराला बघायला, उन्हाळ्यापुरते. बॅगेत दोन स्वेटर आणि लोणच्याची बरणी. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्हाला ही लोखंडी सेफ दिसली.

"यात काय, दागिने?"

"नाही अण्णा, रायफल आहे."

"सलीलची?"

"माझी."

काय चेहरा झाला होता तुमचा! त्या दुपारी पुण्यातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन गेले. "आमची सून बंदूक बाळगते हो!" त्यात काळजी किती आणि मिजास किती, ते मला आजवर कळलेलं नाही. मी समजावून सांगितलं, कॉलेजात एनसीसीमध्ये शिकले होते, इथे क्लब मिळाला म्हणून परत धरली, पॉइंट टू-टूची साधी रायफल आहे, एकेक गोळी बोल्ट मागे ओढून भरायची. शिकार-बिकार काही नाही, कागदावरच्या टार्गेटला भोकं पाडायची. त्यावर तुम्ही म्हणालात, "कागदाला भोकं पाडायला एवढी भानगड? पंचिंग मशीन घे की!"

हसले होते मी. तेव्हा हसू यायचं.

मग सगळं बंद झालं आणि तुम्ही इथेच अडकलात. मी लॅबमध्ये रक्त काढणारी बाई, माझी गणती 'आवश्यक' लोकांत. सकाळी रक्त, दुपारी कारच्या रांगेत उभं राहून लोकांच्या नाकात काड्या. मास्क, त्यावर शील्ड, हातात ग्लोव्ह्ज, आत घाम. घरी आले की गराजमध्येच कपडे बदलायचे, कारण आत म्हातारा माणूस आणि लहान मूल. तुम्ही दाराआडून विचारायचात, "आज किती गाड्या?" मला बोलायचंही त्राण नसायचं. अण्णा, मी तेव्हापासून जी दमलेय ती अजून दमलेलीच आहे. लोक म्हणतात, आता सगळं उघडलं, आता काय! माझं काहीच उघडलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी गाडीत सीट मागे पाडून झोपते.

असो. दसऱ्यावर येते.

आठवतोय ना तो लॉकडाऊनमधला दसरा? लाउंजमध्ये पाट मांडलात. सलीलचा लॅपटॉप, ईराचा आयपॅड, गाडीची किल्ली, रक्त काढताना दंडाला बांधायचा माझा पट्टा. सगळ्यांची पूजा. आणि मग मान वर करून विचारलंत, "रायफल कुठाय?"

"अण्णा, लायसन्स नसलेल्याने हात लावायचा नसतो."

"मी कुठे लावतोय हात? तू ठेव. घरात खरंखुरं शस्त्र असताना लॅपटॉपला कुंकू लावायचं? लोक हसतील!"

कुठले लोक, अण्णा? शेजारी यायला बंदी होती! पण तुमच्यापुढे कोणाचं काय चाललंय? बोल्ट काढून ठेवला, टॉवेल अंथरला, रायफल आडवी ठेवली. तुम्ही हळद लावलीत, कुंकू लावलंत, अंगणातला गुलाब वाहिलात. आणि मग अक्षता. ओल्या कुंकवात माखलेल्या, मूठभर! ईरा म्हणाली, "आजोबा, दॅट्स अ लॉट ऑफ राइस." तुम्ही म्हणालात, "असू दे बाळा, शस्त्र आहे, त्याला भरपूर लागतं." अर्धा श्लोक म्हणालात, उरलेला आठवेना, तर पहिलाच पुन्हा म्हणालात. मग मी फडक्याने रायफल पुसली, तेलाचा हात फिरवला आणि सेफमध्ये ठेवली. वरून चकाचक दिसत होती. नळीच्या खालच्या फटीत कोण वाकून बघतो?

लॉकडाऊन उठला तशी रेंज उघडली. पहिल्याच शनिवारी तुम्ही तयार, माकडटोपी, फ्लास्क आणि भडंगाचा डबा घेऊन. क्लबच्या म्हाताऱ्या डगने तुम्हाला तिकाटण्यावरच्या दुर्बिणीमागे बसवलं आणि काम दिलं, गोळी कुठे लागली ते घड्याळाच्या काट्यांत सांगायचं. जन्म टेलिफोन खात्यात गेलेला, त्यामुळे निरोप द्यायला तुम्ही पटाईत. "नऊ वाजता! बाहेर!" अख्ख्या रेंजला ऐकू जायचं.

आणि नेमका तेव्हाच माझा नेम गेला.

पूर्वी माझी भोकं एकमेकांवर चढायची. आता एक वर, एक डावीकडे, एक कुठे गेलं तेच कळत नाही. "सूनबाई, अगं चाळणी केलीस की!" श्वास तपासला, बोट तपासलं, बसायची पद्धत बदलली. डगने रायफलवरच्या दुर्बिणीचे स्क्रू आवळून पाहिले. मग त्याने कागदाची एक पट्टी घेतली आणि नळी आणि तिच्याखालचं लाकूड यांच्यामधून सरकवली. ती सुळकन शेवटपर्यंत जायला हवी, कारण नळीला लाकडाचा स्पर्श होता कामा नये. पट्टी मध्येच अडली. "लाकूड फुगलंय, मेट," डग म्हणाला. "जुन्या लाकडाचं होतं असं. अॅल्युमिनियमच्या चासीत बसव. हल्ली स्वस्तातल्याही चांगल्या येतात."

तुम्ही लगेच, "चासी? चासी तर ट्रकला असते!"

मी सांगितलं की तसंच काहीसं. लाकूड काढून टाकायचं आणि रायफलचं यंत्र धातूच्या सांगाड्यात बसवायचं. तुम्ही मान डोलावलीत, कळल्यासारखी.

पण माझा डगवर विश्वास बसला नव्हता. लाकूड-बिकूड काही नाही, माझा हातच गेलाय, हे मला माहीत होतं. कारण लॅबमध्येही तेच चाललं होतं. एके काळी सगळे म्हणायचे, शीर सापडत नाही ना, मुक्ताला बोलवा. आणि आता मीच सुई आत घालून शोधत बसायची. एक बाई ओरडलीसुद्धा माझ्यावर. ग्लोव्हच्या आत हात थरथरतोय असं मला वाटायचं, आणि एकदा वाटायला लागलं की थरथरतोच. हात गेला तर अण्णा, मी काय करू? मला दुसरं काय येतं?

त्या रात्री जेवताना बोलून टाकलं. "अण्णा, माझा हात गेला."

तुम्ही घास खाली ठेवलात. "हात नाही गेला. बंदूक बिघडलीय."

"तुम्हाला बंदुकीतलं काय कळतं?"

"बंदुकीतलं काही कळत नाही. पण वर्षभर बघतोय, चहा गाळताना तुझा एक थेंब ओट्यावर सांडत नाही."

मी ताट उचलून निघून गेले. राग आला होता मला तुमचा. इतक्या सहजपणे कोणी धीर दिला की राग येतो, दमलेल्या माणसाला तर फार.

दुसऱ्या दिवसापासून तुमचं चासीचं संशोधन सुरू! यूट्यूबवर ते दाढीवाले अमेरिकन आणि समोर पेन्सिल घेतलेले तुम्ही. "ही नुसती नावाला महाग. ही बघ, स्वस्त आहे, पण अंग एकसंध आहे. आणि गालाखालचा भाग वर-खाली होतो. तुझी मान आखडते ना? मग हीच." घडी होणारी नको, मिलिटरीसारखी दिसणारी नको, नाहीतर लायसन्सची कटकट होईल, असं डगने बजावलं होतं. तेवढं तुम्ही मनावर घेतलंत. दुकानाला फोन लावून म्हणालात, "हॅलो, आय अॅम फादर-इन-लॉ ऑफ द शूटर. नॉट फोल्डिंग, नो?" ईरा सोफ्यावर लोळून हसत होती.

ऑर्डर गेली आणि चासी काही येईना. जहाजं अडकली, कंटेनर नाहीत, रोज नवं कारण. तुम्ही रोज दुपारी, इथल्या भाषेत आरवोला, लेटरबॉक्सपाशी स्वेटर घालून उभे. पोस्टमन लांबूनच मान हलवायचा आणि तुम्ही त्याला म्हणायचात, "नो वरीज, नो वरीज." इथलं तेवढं एकच वाक्य तुम्ही अगदी इथल्यासारखं बोलायचात.

मग तुमच्या पायांवर सूज आली, धाप लागायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. तुम्ही हट्ट धरलात, माझं रक्त माझी सूनच काढणार. लॅबमधल्या खुर्चीत ऐटीत बसलात, बाही वर केलीत. मी पट्टा बांधला, तोच पूजेतला. सुई घातली. शीर सापडली नाही. पुन्हा घातली, नाही सापडली. तुमच्या पातळ कातडीखाली निळा डाग पसरायला लागला, आणि तुम्ही मात्र हसत होतात. "अगं, म्हाताऱ्याच्या शिरा बिलंदर असतात. हा घे, दुसरा हात घे." तुम्ही दुसरा हात पुढे केलात.

मी नाही घेतला. लॅबमधल्या प्रियाला हाक मारली, तिने काढलं रक्त.

घरी येताना गाडीत तुम्ही एवढंच विचारलंत, "दुसरा हात का नाही घेतलास गं?" मी सिग्नलकडे बघत राहिले.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. हॉस्पिटलात कोणाला आत सोडत नव्हते. नर्सने फोन तुमच्या चेहऱ्यासमोर धरला. सलील रडत होता, ईरा हात हलवत होती, आणि तुम्ही ऑक्सिजनच्या मास्कमधून मला काय विचारलंत? "आली का चासी?" शेवटचं बोलणं हे असतं का अण्णा? काहीतरी आशीर्वाद द्यायचा, जपून राहा म्हणायचं! मी म्हटलं, येईल, तुम्ही या घरी. तुम्ही अंगठा दाखवलात. नंतर अंत्यविधीला हॉलमध्ये आम्ही मोजकी माणसं, मास्क लावून, लांब लांब खुर्च्यांवर. बाकीचं पुणं स्क्रीनवर.

चासी तुमच्या तेराव्यानंतर आली. पोस्टमनने लेटरबॉक्सपाशी तुम्हाला शोधलं, "वेअर्स युअर डॅड?" म्हणाला. मी खोकं गराजमध्ये आणून टाकलं, उघडलंच नाही. यंदा दसरा झाला, पाट मांडला नाही.

मी ठरवूनच टाकलं होतं. रायफल विकायची, लायसन्स परत करायचं. लॅबमध्ये सुपरवायझरला सांगितलं, मला सुई नको, फोनवर बुकिंग घ्यायला बसव. ती म्हणाली, सोमवारपर्यंत विचार कर. सलील म्हणाला, "तुला हवं तसं कर. दमलीयेस तू." खरंच होतं ते. मला कोणी अडवावं असं वाटत होतं आणि अडवणारा माणूस फळीवर.

काल सुट्टी होती. डगने सांगितलेलं, विकायचीच तर चासीत बसवून दे, पटकन जाईल. म्हटलं चला, तेवढं उरकून टाकू. इथेच, या टेबलावर, रायफल उलटी ठेवली, खालचे दोन स्क्रू सोडवले. लाकूड सुटून हातात आलं.

आणि खाचेत, बरोबर डगची पट्टी अडली होती तिथे, तांदूळ!

दोन दाणे. कुंकवात बुडालेले, वाळून दगड झालेले, एकमेकांना आणि लाकडाला चिकटलेले. वर नळीवर घासल्याची बारीक खूण.

लाकूड फुगलं नव्हतं अण्णा! तुमच्या अक्षता होत्या! दर गोळीला नळी त्या दाण्यांवर रेलत होती आणि गोळी भलतीकडे जात होती. आणि तुम्ही दुर्बिणीमागे बसून भडंग खात मला सांगताय, "नऊ वाजता! बाहेर!" अहो, कोणामुळे बाहेर?

मी हसायला लागले. किती दिवसांनी, देव जाणे. ईरा धावत आली. "मॉम, आर यू ओके?" मी तिला खाच दाखवली. तिने नाक जवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाली, "इज दॅट आजोबाज राइस?" मग तीही हसत सुटली, आणि मग दोघींचंही हसू कुठे गेलं कोण जाणे. बराच वेळ आम्ही इथे खालीच बसलो होतो.

म्हणजे डग चुकला, मी चुकले, आणि तुम्ही बरोबर. बंदूकच बिघडली होती. फक्त ती तुम्हीच बिघडवली होतीत! एवढी अचूक भविष्यवाणी करायला आधी एवढी मेहनत घ्यायची असते का?

दाणे नखाने काढले. आता खरं तर लाकडाला काही झालेलं नव्हतं, तेच परत लावता आलं असतं, चासीची गरजच नव्हती. पण तुम्ही स्वेटर घालून लेटरबॉक्सपाशी उभे, असे डोळ्यांसमोर आलात. खोकं उघडलं. चासी बसवली, स्क्रू व्हिडिओत दाखवतात तेवढेच आवळले, गालाखालचा भाग माझ्या मापाने वर घेतला. सगळं झाल्यावर लक्षात आलं की इतका वेळ हात एकदाही थरथरला नव्हता.

आज सकाळी रेंजवर गेले. डगने सवयीने तुमची खुर्ची दुर्बिणीमागे मांडली होती. मग त्याच्या लक्षात आलं, पण त्याने ती उचलली नाही. मी आडवी झाले, गाल टेकवला. मान आखडली नाही अण्णा, ती उंची बरोबर निवडली होतीत तुम्ही. गोळ्या झाडल्या. कोणी काही बोललं नाही. ना नऊ, ना बारा. शेवटी मलाच उठून दुर्बिणीत बघावं लागलं.

एकच भोक होतं, जरासं फाटलेलं. सगळ्या गोळ्या त्यातूनच गेल्या होत्या.

डगने बघितलं. "तुला काही झालेलं नाही, मेट." मी त्याला तांदळाचं सांगितलं. रायफलमध्ये भात काय करत होता, ते बिचाऱ्याला कळेना. म्हटलं, ब्लेसिंग. तो म्हणाला, "ब्लडी हेवी ब्लेसिंग."

गाडीत येऊन रडले, भरपूर रडले. तुम्ही असतात तर हे ऐकून पुण्याला किती फोन झाले असते! "माझ्या अक्षतांनी बंदूक बंद पाडली हो!" ही गोष्ट तुम्हाला मिळायला हवी होती. थोडी आधी का नाही उघडली मी ती रायफल? आणि दुसरं म्हणजे, माझा हात जर गेलाच नव्हता, तर तुमच्या दुसऱ्या हाताची शीर मला सापडली असती. नक्की सापडली असती. तुम्ही हात पुढे केला होतात आणि मी प्रियाला हाक मारली. हे मला फार लागतंय अण्णा.

दमणूक काही गेलेली नाही. दोन दाणे काढले म्हणून दीड वर्षाचा शीण उतरत नाही. आजही मी पाठ टेकली की झोपेन.

पण ऐका. रायफल विकणार नाही. विमानं सुरू होतायत म्हणे, सलील तारखा बघतोय, वाईला आम्ही तिघंही येणार. आणि पुढच्या दसऱ्याला पाट मांडणार, रायफलही ठेवणार. तिला फक्त फूल. अक्षता माझ्या दोन्ही हातांवर घालायच्या, असं मी ईराला सांगून ठेवलंय. भरपूर.

आणि सोमवारी मी बुकिंगच्या टेबलावर बसणार नाही. खुर्चीत कोणीतरी म्हातारं माणूस येईल, कातडी पातळ, शिरा बिलंदर. एका हाताला नाही सापडली, तर मी कोणाला हाक मारणार नाही. पट्टा सोडेन, शेजारी बसेन आणि म्हणेन, द्या, दुसरा हात द्या.

आता नमस्कार करते.

तुमची सूनबाई,
मुक्ता